चाक, आस आणि माती : वळणावरील गतीचा इतिहास

चाकाच्या इतिहासात सरळ मार्गापेक्षा वळणाचा प्रश्न नेहमीच अधिक बिकट ठरला आहे. एका आसावर बसविलेली दोन चाके सरळ जात असताना सारखेच अंतर कापतात. परंतु गाडी वळू लागली की बाहेरच्या चाकास मोठे वर्तुळ व आतल्या चाकास लहान वर्तुळ आक्रमावे लागते. दोन्ही चाके आसाशी घट्ट जखडलेली असतील, तर त्यांपैकी एकाला जमिनीवर घसटत जावे लागेल हे उघड आहे. या अडचणीला निरनिराळ्या काळी जी उत्तरे मिळाली, त्यांतील चार प्रस्तुत लेखात विचारात घेतली आहेत. त्यांपैकी तीन उत्तरे मुंबईतील घोडपदेवसारख्या एका लहानशा वस्तीच्या रस्त्यांवर व कडेच्या रुळांवर कमीअधिक काळ एकत्र नांदली. चौथे उत्तर अमेरिकेतील मातीच्या धावमार्गांवर मोटारींच्या शर्यतींतून पूर्णत्वास गेले. वरवर पाहता या चौथ्या उत्तराचा पहिल्या तिघांशी काही संबंध दिसत नाही. तो संबंध आहे, आणि तो निकटचा आहे, हे दाखविणे हा या विवेचनाचा हेतू होय.

माझगाव, भायखळा, रे रोड आणि काळाचौकी यांच्या मधला भाग म्हणजे घोडपदेव. त्याच नावाच्या देवस्थानावरून या भागास नाव पडले. नावाचा पूर्वभाग सामान्य माणूस ‘घोडा’ या शब्दाशी जोडतो. दुसऱ्या मताने तो ‘घोरपड’ या शब्दाशी जोडला जातो. इंग्रजी लेखनात ‘घोरपदेव’ असे रकारयुक्त रूप रूढ झाल्यामुळे दुसऱ्या मतास आधार मिळतो, असे वाटण्याचा संभव आहे. परंतु खडकीचे ‘किर्की’ आणि गायकवाडांचे ‘गायकवार’ करणारी इंग्रजी लेखनपद्धती मराठी डकार सर्रास रकाराने दाखवीत असे. ‘घोरपडदेव’ या रूपात ड आणि द हे जवळजवळचे वर्ण एकमेकांत मिसळून एक अक्षर गळाले असणे ध्वनिशास्त्रदृष्ट्या अशक्य नाही. तथापि केवळ इंग्रजी वर्णलेखनाच्या बळावर निर्णय देता येत नाही. एका व्युत्पत्तीत वेगाचा प्राणी आहे, दुसरीत पकडीचा. प्रस्तुत विषयाला हे दोन्ही गुण लागतात, एवढेच येथे नमूद करून पुढे जाणे इष्ट.

पहिले उत्तर बैलगाडीचे. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात कुलाब्याचा कापूसबाजार शिवडीच्या बाजूस हलला. गोदीकडील हा सारा पट्टा आणि लालबाग-परळ-भायखळ्याच्या गिरण्या यांच्यामध्ये गाठी वाहण्याचे काम दीर्घकाळ खटाऱ्यांनी केले. खटाऱ्याचा आस स्थिर असतो. चाक आसावर मोकळे फिरते. त्यामुळे वळणावर बाहेरचे चाक आपोआप अधिक फिरते व आतले कमी फिरते. यासाठी कोणतीही निराळी यंत्ररचना लागत नाही. चाकाच्या लाकडी परिघावर जी लोखंडी पट्टी तापवून चढवितात तिला मराठीत ‘धाव’ म्हणतात. धावणे ही क्रिया आणि धावणाऱ्या चाकाची कड या दोहोंना भाषेने एकच शब्द दिला, ही गोष्ट लक्षणीय आहे. ‘आस’ हा शब्दही तितकाच जुना. संस्कृत ‘अक्ष’ शब्दातील क्षकाराचे प्राकृतात दुहेरी परिणमन झाल्यामुळे मराठीत ‘आख’ आणि ‘आस’ अशी दोन्ही रूपे आढळतात. गाडीवानाच्या बोलीत ही रूपे शतकानुशतके टिकली, याचे कारण ती वस्तू रोज त्याच्या हाताखाली होती.

बैलगाडीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. तेथे चाकाला जमीन धरून ठेवण्याचे काम करावे लागत नाही. जमिनीला रेटा देतो तो बैलाचा खूर, आणि तो घसरू नये म्हणून त्याला पत्री मारलेली असते. चाकाने फक्त भार वाहावयाचा व फिरावयाचे. पकड आणि फिरणे ही दोन कामे अशी दोन निराळ्या अवयवांत वाटलेली असतात. ही श्रमविभागणी चाकाच्या इतिहासातील एक मोठी सोय होती. ती नाहीशी झाल्यावर पुढील सारे प्रश्न उत्पन्न झाले.

९ मे १८७४ रोजी मुंबईत सुरू झालेली घोड्यांची ट्राम ही याच विभागणीची शेवटची मोठी आवृत्ती म्हणता येईल. चाक रुळावर फिरे, आणि घोड्याचा नाल रुळांमधल्या फरसबंदीवर रेटा देई. ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम धावू लागली आणि घोडा निघून गेला. आता जे चाक भार वाहत होते त्यालाच रूळ धरून गाडी ओढावी लागली. पोलादावर पोलाद, आणि त्यात पावसाळ्यातील ओलावा; अशा स्थितीत चाक जागच्या जागी फिरू नये म्हणून रुळावर वाळू सोडण्याची युक्ती ट्राम व आगगाडी या दोहोंनी स्वीकारली. पकड वाढविण्यासाठी माती जवळ करण्याची ही रीत यंत्रयुगातही सुटली नाही. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी बोरीबंदर ते दादर अशी धावली आणि हा अध्याय संपला.

रुळांवरील वाहनाने वळणाचा प्रश्न मात्र निराळ्या रीतीने सोडविला, आणि हेच दुसरे उत्तर होय. आगगाडीची दोन्ही चाके आसाशी घट्ट बसविलेली असतात व आस त्यांच्यासह फिरतो. बैलगाडीच्या अगदी उलट ही रचना आहे. मग वळणावर काय होते? चाकाची कड सपाट नसून किंचित शंकूच्या आकाराची असते. भारतीय रेल्वेत हा उतार रूढीने वीसास एक असा धरला गेला. वळणावर जोडचाक बाहेरच्या बाजूस थोडे सरकते. त्यामुळे बाहेरच्या रुळावर चाकाचा मोठा व्यास टेकतो आणि आतल्या रुळावर लहान. दोन्ही चाकांचे फेरे सारखे, पण कापलेली अंतरे निरनिराळी. एकाच आसावर लहान-मोठी चाके असावीत आणि त्यांचे मान वळणाप्रमाणे आपोआप बदलावे, अशी ही अत्यंत कुशल योजना आहे. वळण फार तीव्र असल्यास ती अपुरी पडते. चाकाची कोर रुळावर घासू लागते आणि वळणावरचा तो कर्कश आवाज उमटतो.

१९१० मध्ये कुर्ल्याहून रे रोडपर्यंत हार्बर मार्ग आला आणि ही योजना घोडपदेवच्या कडेने धावू लागली. पुढे ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या मार्गावर भारतातील पहिली विजेची आगगाडी १५०० व्होल्ट दाबाच्या एकदिश प्रवाहावर चालली. तिचा मार्ग रे रोडवरूनच होता. ‘ट्रॅक्शन’ हा शब्द मुंबईच्या कामगारवर्गाच्या कानी पडण्यास विजेच्या रेल्वेचा फार हातभार लागला असावा. त्याचा पारिभाषिक पर्याय ‘कर्षण’ हा आहे. तो ज्या ‘कृष्’ धातूपासून आला त्याचा अर्थ ओढणे. त्याच धातूपासून नांगर ओढण्याची ‘कृषि’ झाली. ओढणे आणि माती यांचा संबंध या धातूत मुळापासूनच होता, ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

तिसरे उत्तर मोटारगाडीचे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ओनेसिफोर पेकर या फ्रेंच यंत्रकाराने दंतचक्रांची अशी जुळणी योजिली की, एकाच यंत्राची शक्ती दोन्ही चाकांना मिळावी आणि तरीही दोघांना निरनिराळ्या वेगाने फिरता यावे. हीच भेदक दंतचक्रांची पेटी पुढे मोटारीच्या मागील आसाच्या मध्यभागी आली. १९०४-०५ च्या हिवाळ्यात दिल्ली ते मुंबई अशी मोटारींची कसोटीयात्रा झाली. तेव्हापासून कच्च्या रस्त्यावरील मोटारीचे गुणदोष पश्चिम भारतास परिचित होऊ लागले. या पेटीचा एक अंगभूत दोष आहे. दोहोंपैकी एक चाक चिखलात वा सैल मातीत पडले, तर दुसऱ्या चाकालाही तेवढाच अल्प रेटा मिळतो. म्हणून एक चाक जागीच भिरभिरते आणि गाडी हलत नाही. घट्ट रस्त्यावर वळण सुकर करणारी योजना मातीवर अशी विघातक ठरते. शिवाय मोटारीत चाकाचे काम तिपटीने वाढले. भार वाहणे, जमीन रेटून गाडी पुढे ढकलणे आणि वळताना तिला बाहेर निसटू न देणे ही तिन्ही कामे रबराच्या तळहाताएवढ्या ठशावर येऊन पडली. हा ठसा जेवढी पकड देऊ शकतो तिचा साठा मर्यादित असतो. पुढे जाण्यासाठी जितकी खर्चावी तितकी वळण्यासाठी कमी उरते.

चौथ्या उत्तराचा उगम येथे आहे. १८९६ च्या सप्टेंबरात अमेरिकेतील ऱ्होड आयलंड संस्थानात नॅरॅगॅन्सेट येथील घोड्यांच्या धावमार्गावर मोटारींची शर्यत झाली, आणि ती विजेवर चालणाऱ्या रायकर गाडीने जिंकली. पुढे तेथील खेडोपाडीच्या कृषिमेळ्यांत घोड्यांसाठी तयार झालेले मातीचे लंबवर्तुळ मोटारींना आयतेच मिळाले. १९५४ मध्ये ओहायो संस्थानात एल्डोरा येथे धावमार्ग झाला. आयोवा संस्थानातील नॉक्सव्हिल येथे १९६१ पासून हलक्या उघड्या गाड्यांची राष्ट्रीय स्पर्धा भरू लागली. या गाड्या नेहमी डावीकडेच वळतात. एकाच दिशेने वळावयाचे हे निश्चित झाल्यावर गाडी दोन्ही बाजूंनी सारखी असण्याचे कारण उरले नाही. धावमार्गाच्या विद्येचा पाया या एका निरीक्षणात आहे.

प्रथम त्यांनी भेदक पेटी काढून टाकली आणि मागील दोन्ही चाके एका आसाशी जखडली. त्यामुळे सैल मातीत एकटे चाक भिरभिरण्याचा दोष गेला. परंतु त्यासरशी वळणाची मूळ अडचण पुन्हा पुढे उभी राहिली. तिच्यावर उपाय म्हणून उजवे, म्हणजे बाहेरचे, मागील चाक डाव्यापेक्षा मोठे घेण्यात आले. याचे गणित सोपे आहे. दोन चाकांत दीड मीटर अंतर आणि वळणाची त्रिज्या ५० मीटर धरल्यास बाहेरच्या चाकास सुमारे ३ टक्के अधिक अंतर कापावे लागते. मोठ्या चाकाचा परीघ २३० सेंटिमीटर असेल तर लहान चाकाचा सुमारे २२३ असला पाहिजे. प्रत्यक्षात हा फरक पुष्कळदा याहून मोठा ठेवतात, कारण त्यामुळे गाडी स्वतःहूनच वळणाकडे कलते. आता आगगाडीच्या शंक्वाकार चाकाशी याची तुलना करावी. जखडलेला आस, आणि बाहेरच्या बाजूस मोठा व्यास. तत्त्व अगदी तेच. आगगाडीस डावी-उजवी दोन्ही वळणे घ्यावयाची असल्यामुळे तिला बदलता व्यास हवा. मातीवरील शर्यतीच्या गाडीस एकच वळण घ्यावयाचे असल्यामुळे तिला कायमचा फरक पुरतो. चौथे उत्तर हे दुसऱ्या उत्तराचेच मातीवर उतरलेले रूप होय.

दुसरा भाग भाराच्या वाटणीचा. वळणावर गाडीचा भार बाहेरच्या चाकांकडे झुकतो. चाकावरील भार दुप्पट झाला तरी त्याची पकड दुप्पट होत नाही, काहीशी कमीच वाढते. म्हणून दोन्ही बाजूंची चाके शक्य तितका सारखा भार वाहतील, तर एकूण पकड अधिक मिळते. यास्तव गाडीचे वजन मुळातच डावीकडे अधिक ठेवितात, म्हणजे वळणावर ते उजवीकडे झुकून समतोल साधते. मार्ग कोरडा व गुळगुळीत झाला की मात्र धोरण बदलते. तेव्हा गाडी थोडी अधिक कलू देतात. मागील उजव्या चाकाने मातीत दात रोवावे आणि वेग वाढविताना भार मागे जावा, अशी स्प्रिंगांची जुळणी करतात. हवेचा दाब कमी करून ठसा मोठा करणे व रबरावर खाचा पाडणे हे त्यास पूरक उपाय. १९५८ मध्ये जिम कुशमन या चालकाने ओहायोतील कोलंबस येथे आपल्या गाडीच्या डोक्यावर पंख बसविला. तेव्हापासून वाऱ्याच्या दाबाने चाके जमिनीवर रेटण्याचा मार्गही खुला झाला. वजन न वाढविता भार वाढविण्याची ही युक्ती होती.

वळणावरील वेगाची मर्यादा तीन गोष्टींनी ठरते : मातीची पकड, वळणाची त्रिज्या आणि मार्गाचा आडवा उतार. ५० मीटर त्रिज्येच्या सपाट वळणावर घर्षणांक ०.६ असेल, तर गाडीस ताशी सुमारे ६२ किलोमीटर वेग साधतो. त्याच वळणास १५ अंशांचा उतार दिल्यास हा वेग ८१ पर्यंत जातो. उतार न देता चालकाने रुंद मार्ग धरून त्रिज्या ६० मीटर केली, तर वेग ६७-६८ होतो. यंत्राची अश्वशक्ती या हिशेबात कोठेच येत नाही. सरळ भागात शक्ती उपयोगी पडते; वळणावर ती निरुपयोगीच नव्हे तर अपायकारकही ठरू शकते. मातीच्या धावमार्गावर दुबळ्या यंत्राचा चालक बलाढ्य यंत्राच्या चालकास हरवू शकतो, त्याचे रहस्य हेच.

तथापि या साऱ्या गणितातील घर्षणांक स्थिर नसतो. संध्याकाळी पाणी मारून मार्ग तयार केला जातो तेव्हा माती जड व ओली असते. काही फेऱ्यांनंतर ती चिकट होते आणि याच वेळी पकड सर्वांत जास्त मिळते. पुढे वरचा थर सुटून बाहेरच्या कडेस त्याचा बांध जमतो, आतला भाग कोरडा पडून आरशासारखा गुळगुळीत होतो. सैल मातीत चालक गाडी आडवी करून मागील चाकांच्या रेट्याने वळवितो, कारण आडवे झालेले चाक मातीत खोदत जाऊन आधार मिळविते. गुळगुळीत मातीवर हीच आडवी चाल वेग खाते. तेथे पाय हलका ठेवून गाडी सरळ राखावी लागते, आणि ओलाव्याची पट्टी किंवा बाहेरचा बांध शोधावा लागतो. दर दहा-पंधरा मिनिटांनी जमीन वाचावयाची आणि चाल बदलावयाची, हे या विद्येचे सार.

मातीच्या या मधल्या अवस्थेस मराठी शेतकऱ्याजवळ फार नेमका शब्द आहे : वाफसा. पाऊस पडून गेल्यावर जमीन चिखल नाही आणि कोरडीही नाही, पेरणीस योग्य असा ओलावा धरून आहे, त्या स्थितीस तो वाफसा म्हणतो. कण एकमेकांस धरून राहतील इतके पाणी, परंतु त्यांना परस्परांवरून निसटू देईल इतके नाही, ही वाफशाची भौतिक बाजू धावमार्गाच्या उत्तम अवस्थेशी तंतोतंत जुळते. अलिबाग-मुरूडच्या किनाऱ्यावर ओहोटीनंतरच्या ओल्या वाळूवर गाड्यांच्या शर्यती होतात, त्यामागेही हेच ज्ञान आहे. कोरड्या वाळूत रुतणारे चाक ओल्या वाळूवर धावते. कुस्तीच्या हौद्यातील तांबड्या मातीत तेल, ताक, हळद व लिंबू घालून ती मुरविण्याची रीत लालबाग-परळच्या गिरणगावात कोकण व घाटावरून आलेल्या कामगारांनी आणली. पाय रोवला जावा पण अंग सोलवटू नये, असे मातीचे मान तेथे राखावे लागते. मातीची पकड घडविता येते, हे महाराष्ट्राला अपरिचित नव्हते.

मग मोटारीचा मातीचा धावमार्ग येथे का उभा राहिला नाही? अमेरिकेत घोड्यांच्या लंबवर्तुळाने मोटारीला जागा दिली. मुंबईतील घोड्यांच्या शर्यती प्रथम घोडपदेवच्या शेजारी भायखळ्याच्या सपाटीवर होत. १८८३ मध्ये त्या महालक्ष्मीस गेल्या. मोकळी झालेली जमीन वाढत्या शहराने व्यापली, आणि महालक्ष्मीचे मैदान हिरवळीचे असल्याने ते घोड्यांसाठीच राहिले. ग्रामीण भागात शर्यतीची माती होती, परंतु तिचा आकार निराळा होता. पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातील बैलगाडा शर्यतीचा ‘घाट’ सरळ व चढाचा असतो. वळण मुळातच टाळले म्हणजे वळणाचा प्रश्न उरत नाही, आणि अखेरचा चढ धावत्या जनावरास आपोआप आवरतो. प्रश्न सोडविण्याऐवजी मार्गाच्या रचनेतच त्याचा परिहार करणारी ही योजना कमी बुद्धीची म्हणता येणार नाही. परंतु वर्तुळाकार मार्ग आणि त्याची वळणविद्या तिच्यातून निर्माण होणे शक्य नव्हते.

या परंपरेसही खंड पडला. ७ मे २०१४ च्या निर्णयाने सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती बंद केल्या. २०१७ मध्ये महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली, डिसेंबर २०२१ मध्ये अंतरिम परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरविली. जनावरास क्लेश होऊ नयेत हा आक्षेप निराधार नव्हता, आणि त्यामुळेच नियम कडक झाले. परंतु सात वर्षांच्या या खंडात घाटाची माती कशी दाबावी, कोठे पाणी मारावे, कोणता मुरूम घालावा हे ज्ञान केवळ जाणत्यांच्या स्मरणावर उरले. जे ज्ञान लिहिलेले नसते त्याला असा खंड फार महाग पडतो. दुसरीकडे जानेवारी २०२४ मध्ये पुण्याजवळ बालेवाडीच्या क्रीडासंकुलात बाहेरून माती आणून, उंचवटे व वळणे रचून मोटारसायकलींची शर्यत भरविण्यात आली. या खेळाची परिभाषा पूर्णपणे इंग्रजी आहे. एकाच जिल्ह्यात मातीच्या दोन विद्या शेजारी आहेत, आणि शब्द निराळे असल्यामुळे त्या एकमेकींस ओळखत नाहीत.

भाषेच्या अभ्यासकाने येथे लक्ष घातले पाहिजे. ‘ग्रिप’ हा शब्द गॅरेजमध्ये रूढ झाला यात वावगे काही नाही; परका शब्द वस्तूबरोबर येतोच. हानी होते ती निराळ्या प्रकारे. धाव, आस, पत्री, वाफसा, पकड हे शब्द केवळ शेतकरी व गाडीवान यांच्या जुन्या जीवनाचे अवशेष म्हणून शब्दकोशात राहिले, तर त्यांच्यात साठविलेले यंत्रशास्त्र कोणास दिसत नाही. परिणामी तंत्रविद्येचा इतिहास बाहेरून आला आणि येथे पूर्वी काही नव्हते, असा समज दृढ होतो. ‘कर्षण’ हा पारिभाषिक शब्द ग्रंथातून घेतला गेला. ‘वाफसा’ हा शेतातून घेता आला असता, आणि धावमार्गाच्या मातीचे वर्णन त्याने अधिक अचूक झाले असते.

आज घोडपदेवच्या रस्त्यांवर खटारे नाहीत, ट्राम गेली, गिरण्यांचे भोंगे थांबले. रे रोडवरून जाणाऱ्या गाड्यांची चाके मात्र अद्यापि आसाशी जखडलेली व कडेस उतरती आहेत, आणि प्रत्येक वळणावर ती बाहेर सरकून आपला व्यास बदलतात. जे तत्त्व नॉक्सव्हिलच्या चिकणमातीवर लहान-मोठ्या चाकांच्या रूपाने वावरते, तेच येथे रोज सहस्रावधी प्रवाशांना वाहून नेते. गाडीवानांची, लोहारांची, मोटारदुरुस्ती करणाऱ्यांची आणि घाट बांधणाऱ्या जाणत्यांची शब्दसंपत्ती एकत्र नोंदविण्याचे काम हाती घेतले गेले, तर हा संबंध विद्यार्थ्यांस तर्काने सिद्ध करावा लागणार नाही. तो शब्दांतूनच दिसेल. हे काम विलंब सोसणारे नाही, कारण त्या शब्दांचे वापरकर्ते दरवर्षी कमी होत आहेत.